घंटी कुठल्या गावची

पालनपूर, ९ ऑक्टोबर

हसुभाभी, जय जिनेंद्र.

पोहोचल्याचा फोन आला, पण त्याला काय फोन म्हणायचं? निमेषने तो स्पीकरवर टाकला, मागून तुमची सून बिजल बोलते, तिच्या मागून टीव्ही बोलतो, आणि तुम्ही आपलं "बरं आहे, बरं आहे" एवढंच. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. कागदावर लिहायचं, टॅबने फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. माझं अक्षर बारीक वाटलं तर दोन बोटं फोटोवर ठेवून फाकवा, हवं तेवढं मोठं होईल.

एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, दुसऱ्याचा राहिलाय, म्हणून टॅब दिलाय. पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहायला नाही दिला. उपाश्रयात, साध्वीजी उतरतात तिथे, दर गुरुवारी म्हाताऱ्यांना शिकवते तेच तुम्हाला निघताना सांगितलं, तेच पुन्हा सांगते. वाचायचा कंटाळा आला तर कोपऱ्यातलं तोंडाचं चित्र दाबा, तो वाचून दाखवेल. बॅटरी पार मरेपर्यंत थांबू नका. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे टॅबने मध्येच काही विचारलं की 'नाही' दाबायचं. जाहिरात असो, बक्षीस असो, काही असो. 'हो' म्हणणारेच फसतात.

आता मुख्य गोष्ट. पंचांगाच्या ॲपमध्ये मी घंटी लावून दिलीय. सूर्य मावळायच्या थोडी आधी वाजेल. वाजली की ताटावरून उठायचं. सकाळची घंटी बंद ठेवलीय, नाहीतर मुलगा-सून बोंब मारतील. तुम्ही तसंही देरासरातून दर्शन करून आल्याशिवाय पाण्याला शिवत नाही.

माझ्या भाईने वर्षीतप करायचं ठरवलं आणि सुरू करायच्या आधीच तो गेला. एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी दोनदाच जेवण, तेही सूर्य असेतो, आणि असं वर्षभर! तुम्ही ते त्याच्यासाठी अंगावर घेतलंत. अर्ध्याहून जास्त झालं. अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने तुमचं पारणं झालं की माझा जीव भांड्यात पडेल. मला तर सकाळचा चहा जरा उशिरा मिळाला तरी घर डोक्यावर घ्यावंसं वाटतं.

तुमची नणंद,
तरला

अँटवर्प, १७ ऑक्टोबर

चि. तरला,

तू फ्रॉक घालत होतीस तेव्हा तुझ्या वेण्या मी घातल्यात. आता तू माझी मास्तरीण झालीस. होऊ दे.

दोन बोटांची युक्ती जमली. परवा औषधाच्या बाटलीवरची अक्षरं दिसेनात, तर तिचाही फोटो काढला आणि मोठा करून वाचला. बिजल म्हणाली, "बा, मला नव्हतं सुचलं हे!" चांगली आहे पोर. दोघंही सकाळी ऑफिसात जातात ते दिवेलागणीनंतर येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत तेवढी दिसते. संध्याकाळचं जेवण मी एकटीच उरकते. मुगाची डाळ, खाखरा, झालं.

तुझी घंटी फारच कडक आहे बाई. ती वाजते तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन असतं. मी ऊन बघत हात धुते. म्हटलं, उशिरापेक्षा लवकर बरं.

निमेषला माझं वजन उतरल्याची काळजी आहे. डॉक्टर हो म्हणाले म्हणून तो गप्प आहे. पण काल मला समोर बसवून म्हणाला, "बा, एक ठरवू. चक्कर आली किंवा कुठे नियम मोडला, तर त्या दिवशी हे थांबवायचं. मोडलेलं तप ओढत बसायचं नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. बापासारखाच आहे, एकदा शब्द घेतला की विसरत नाही. त्यामुळे आता चुकायची सोय नाही.

टॅब उघडला की सगळ्यात वर 'पालनपूर' असं लिहिलेलं येतं. बरं वाटतं.

हसुमती

पालनपूर, २४ ऑक्टोबर

भाभी,

बघितलंत? कडक आहे म्हणजे भरवशाची आहे. तिकडे युरोपात ऊन कधी असतं, कधी नसतं, त्याच्या नादी लागू नका.

वर्गात आता चौदा बायका झाल्यात. मागच्या गल्लीतल्या रंभाबेनने टॅब उलटा धरून तासभर स्तवन शोधलं आणि वर मलाच म्हणाल्या, "तुझं यंत्र बिघडलंय." पडदा उभा-आडवा होऊ न देण्याचं कुलूप असतं ते त्यांना लावून दिलं. तुमच्याही टॅबला लावलंय. पडदा फार तापला तर उशीवरून खाली काढा. आणि कुणी फोन करून आकडे विचारले तर साक्षात मी आहे असं तो म्हणाला तरी सांगू नका.

बाकी घर झाडून घेतलं. तुळशीच्या कुंडीला पाणी घालते. तुमच्या खोलीची खिडकी रोज उघडते.

तरला

अँटवर्प, ९ नोव्हेंबर

चि. तरला,

इकडे एक विचित्र प्रकार असतो. मागच्या महिन्याच्या शेवटी एका रविवारी सगळ्या देशाने घड्याळं तासभर मागे घेतली. टॅबचं घड्याळ आपोआप सरकलं, कुणी हात लावला नाही. तेव्हापासून आभाळ जे भरलंय ते उघडलेलं नाही. दुपारीही घरात दिवे लागतात. सूर्य कुठे आहे ते कळत नाही.

एक विचारायचं होतं. घंटी वाजते तेव्हा हल्ली बाहेर काळोख असल्यासारखा वाटतो. रस्त्यावरचे दिवे कधीचे लागलेले असतात. माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण देरासरात रविवारी भोजन असतं तेव्हा इथल्या बायका साडेचारलाच ताटं उचलतात. मी अजून बसायचीच असते. रमीलाबेन म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, "चला, आटपा." मी म्हटलं, माझी घंटी अजून व्हायची आहे. त्या हसून निघून गेल्या. मी त्या दिवशी डबा घरी आणला आणि घंटीच्या हिशेबाने जेवले.

तुला काय वाटतं?

हसुमती

पालनपूर, १३ नोव्हेंबर

भाभी,

मला असं वाटतं की तुम्ही खिडकीकडे बघणं बंद करा!

तिथल्या बायका मोटारीतून येणार, मोटारीतून जाणार, त्यांना घरी जायची घाई. दिवे तर ते लोक दुपारपासून लावतात, तुम्हीच लिहिलंय. आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते? दुसरा डोळा होईपर्यंत उजेडाचा अंदाज चुकणार. अंदाज चुकू नये म्हणून तर यंत्र आहे ना? मी बसवून दिलंय, पंचांग तपासून, अगदी मिनिटाला मिनिट जुळवून. इथे आमच्याकडे ती घंटी वाजते आणि मी बाहेर बघते, तर सूर्य बरोब्बर मशिदीच्या मिनारामागे उतरत असतो.

घंटीवर विश्वास ठेवा. निमेषला यातलं काही बोलू नका, उगाच त्याच्या हातात कोलीत मिळेल.

तरला

अँटवर्प, ३० नोव्हेंबर

चि. तरला,

आज आभाळ उघडलं.

रविवार होता. देरासरातून निमेषच्या मोटारीतून परत येत होतो. नदीच्या बाजूला वळलो आणि समोर सूर्य दिसला. तांबडा, भला थोरला, माझ्या दुसऱ्या डोळ्यालाही दिसला. मी निमेषला थांबायला सांगितलं. बघता बघता तो घरांच्या मागे गेला. मी विचारलं, "गेला?" तो म्हणाला, "गेला, बा." त्याला वाटलं मला नवल वाटतंय.

घरी आले. आज जेवणाचा दिवस, पण दुसऱ्यांदा ताट घेतलं नाही. बिजलला सांगितलं, भूक नाही. टॅब समोर ठेवून बसले. तो गप्पच होता. बाहेर काळोख झाला, समोरच्या दुकानांची शटरं खाली आली, आणि मग तुझी घंटी वाजली.

घंटी पालनपूरच्या सूर्याची आहे, तरला. घड्याळ इथलं आणि सूर्य तिथला. तिथे सूर्य मावळताना जेवढे वाजतात, तेवढे इथल्या घड्याळात वाजले की ती वाजते. घड्याळं मागे घेतली तेव्हापासून प्रत्येक जेवणाच्या दिवशी मी सूर्य बुडाल्यावर जेवलेय.

निमेषला अजून सांगितलेलं नाही. कळलं तर तो थांबवेल. तुझ्या भाईचं तप असं अर्ध्यात कसं सोडू? पण मी थांबणार नाही, एवढं मात्र आत्ताच लिहून ठेवते. काय करायचं ते बघू.

हसुमती

अँटवर्प, ८ डिसेंबर

चि. तरला,

आठवडा झाला, तुझं पत्र नाही. फोनवरही तू "हो, हो" करून निमेषला द्यायला सांगतेस. तुला बरं नाही का? रंभाबेनच्या सुनेने बिजलला कळवलं की तुझा गुरुवारचा वर्ग बंद आहे.

मी सध्या जेवण चारच्या आतच उरकते. रमीलाबेनना सगळं सांगितलं. त्या रोज फोन करतात, "झालं का?" म्हणून. या वेळी हसल्या नाहीत.

माझ्यावर रागावू नकोस आणि स्वतःवरही रागावू नकोस. पत्र लिही.

हसुमती

पालनपूर, ११ डिसेंबर

भाभी,

मिच्छामि दुक्कडम्, क्षमा करा. पर्युषणात गावभर म्हणत फिरतो ते तोंडाने म्हणतो. आज मनापासून म्हणते.

तुमचं पत्र वाचलं आणि टॅब हातातून ठेवला तो चार दिवस उचलला नाही. गाव मी हाताने पक्कं बसवलं होतं. वर तुम्हाला सांगितलं, टॅब विचारील तेव्हा 'नाही' दाबा. नवीन देशात गेल्यावर तो नक्की विचारतो, गाव बदलायचं का म्हणून. मी इथे माझ्या टॅबवर खोटंखोटं करून बघितलं. विचारतो! तुम्ही माझा नियम पाळलात आणि तोंडघशी पडलात. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी वरून दटावलं. चौदा बायकांना मी काय शिकवणार? वर्ग बंद केला.

मग साध्वीजींकडे गेले. सगळं सांगितलं, माझं नाव घालून. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पच्चखाण घेताना, व्रताचा संकल्प करताना, आपण काय म्हणतो ते विसरलात? न कळत झालं तर नियम मोडत नाही. कळल्यावर लगेच थांबावं. त्यांनी ताट घेतलंच नाही, अजून काय हवं?" जुन्या लोकांना घड्याळं नव्हती, ढग मात्र होते, त्यांनी तेवढी जागा ठेवलेली आहे, असंही म्हणाल्या. तुम्ही आलोचना, म्हणजे चुकीची कबुली, लिहून पाठवा, त्या छोटंसं प्रायश्चित्त देतील. तप शाबूत आहे, भाभी. निमेषला काही सांगायची गरजच नाही.

प्रायश्चित्त मी घेतलंय. मला कुणी दिलं नाही, मीच घेतलं. तुमचं पारणं होईपर्यंत चहा बंद. आज चौथा दिवस आहे. डोकं असं ठणकतंय की रंभाबेन विचारून गेल्या, घरात कुणी गेलं का.

तरला

अँटवर्प, १५ डिसेंबर

चि. तरला,

आधी पूर्ण वाच, मग रड.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तप शाबूत आहे हे वाचून हात जोडले. पण साध्वीजींनी जे सांगितलं ते न कळत झालेल्या गोष्टीबद्दल. म्हणून तुला एक सांगायलाच हवं.

विमानतळावरून घरी आले त्याच दिवशी टॅबने विचारलं होतं. "तुम्ही नव्या गावी आला आहात असं दिसतं. गाव बदलायचं का?" मी तोंडाचं चित्र दाबून वाचून घेतलं. दोनदा. मला पुरतं समजलं होतं. तुझा नियम मला आठवलासुद्धा नाही. मी 'नाही' दाबलं, कारण मला गाव बदलायचं नव्हतं.

तुझा भाऊ गेला, घराला कुलूप लागलं, किल्ली तुझ्याकडे गेली. माझी गादी इथे, माझी औषधं इथे. राहता राहिली ती टॅबच्या माथ्यावरची तेवढी एक ओळ. तीही मीच पुसायची? सूर्याचा आणि त्या ओळीचा संबंध आहे हे मात्र डोक्यात आलं नाही, हे खरं. पण रस्त्यावरचे दिवे दिसत होते, रमीलाबेन बोलल्या होत्या, आणि तरी मी विचारायला गेले कुणाला? पालनपूरला. तू तिथलंच सांगणार. मला तेच ऐकायचं होतं.

आलोचनेत हे सगळं लिहून साध्वीजींना पाठवलंय. त्या देतील ते प्रायश्चित्त घेईन. शिवाय जितके दिवस चुकले तितके अखात्रीजेनंतर पुन्हा करीन, त्यांनी सांगितलं नाही तरी.

आणि निमेषला सांगितलं. लपवून तप करायचं म्हणजे तुझ्या भाईच्या नावाला बट्टा. तो जेवायला बसला होता. मी म्हटलं, "तू शब्द घेतला होतास. नियम चुकलाय. कसा चुकला ते ऐक, मग थांबव म्हणालास तरी मी थांबणार नाही, हे आधीच सांगते." त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं आता भांडण होणार. त्याने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "बा, मला एक सांग. आता तरी गाव बदललंस का?"

मी म्हटलं, नाही.

तो उठायला लागला, टॅब घ्यायला. मी म्हटलं, "बस. माझं मी करते." आणि केलं. नाव शोधायला वेळ लागला, अक्षरं सापडेनात. बिजल पाठीशी उभी होती, तिने बोट लावलं नाही. मग सगळ्यात वर 'अँटवर्प' असं आलं. निमेषचे डोळे भरले होते, कशाने ते मी विचारलं नाही. थांबवायचं तो बोलला नाही. आता दर जेवणाच्या दिवशी दोघांपैकी एक जण दुपारीच घरी येतो.

आता तू. चहा सुरू कर असं मी म्हणणार नाही, तुझं प्रायश्चित्त तुझं. पण वर्ग बंद ठेवलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. चौदा बायका टॅब उलटे धरून बसल्या असतील. या गुरुवारी वर्ग भरला पाहिजे.

हसुमती

पालनपूर, १९ डिसेंबर

भाभी,

आधी रडले, मग पूर्ण वाचलं. तुमचं मी कधी ऐकलंय?

काल वर्ग भरला. जुना नियम फळ्यावरून पुसला. नवा असा लिहिला: टॅबने काही विचारलं तर आधी वाचायचं, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचं, मग हो की नाही ते आपण ठरवायचं. आणि दुसरा: तारीख, वेळ, सूर्य सांगणारं काहीही उघडलं की आधी गावाचं नाव बघायचं. सगळ्यांना आपापलं गाव काढायला लावलं. तिघींच्या टॅबवर मुलांनी सुरतच ठेवलं होतं! रंभाबेनचं तर बँकॉक निघालं, त्यांच्या जावयाने दिलेला टॅब. "तरीच मी म्हणते," म्हणाल्या, "माझं यंत्र बिघडलंय."

तुमचं नाव घेतलं नाही. माझी चूक म्हणून सांगितली. तुम्ही काहीही लिहा, अर्धी माझीच आहे.

मी माझ्या ॲपमध्ये दुसरं गाव घातलंय. एकात दोन बसतात, हे मलाही आत्ताच कळलं. वर पालनपूर, खाली अँटवर्प. तुमची घंटी इथे माझी भांडी घासून झाल्यावर वाजते. वाजली की म्हणते, चला, भाभी उठल्या ताटावरून.

अखात्रीजेला मात्र इकडे या. पालिताण्याच्या तीर्थावर हजारो लोकांत पारणं होईल. तुमची खोली उघडीच आहे.

तरला

अँटवर्प, ६ मार्च

चि. तरला,

साध्वीजींचं उत्तर आलं. सामायिक, म्हणजे एका जागी बसून ध्यान, करायला सांगितलंय, जास्त काही नाही. खाली एक ओळ आहे, की गाव बदलणं हेही तपच समजा.

म्हणून ठरवलंय, पारणं इथेच करायचं. रागावू नकोस. पालिताणा कुठे पळत नाही. पण ज्या सूर्याखाली हे वर्ष पुरं होतंय, ज्याच्यासाठी मी ढगात डोळे फोडले, त्याच्यासमोर पारणं व्हायला हवं. आणि या दोघांनी माझ्यासाठी दुपारच्या सुट्ट्या घेतल्यात, त्यांना मी विमानात बसवून वारीला नेऊ? इथल्या देरासरात रमीलाबेनने सगळं ठरवलंय. बिजलने काँगोच्या लोकांचं एक दुकान शोधलंय, तिथे ऊस मिळतो. काल नमुन्याला एक कांडं घेऊन आली, वेड्यासारखी हसत होती.

रस मला कुणी पाजायचा, हा प्रश्न सुटत नाही. निमेष म्हणतो मी. मी त्याला म्हटलं, तू दुसरा. पहिला घोट तुझ्या बापाच्या हातचा असायचा, तो नाही. त्याची बहीण आहे.

तू कधी पालनपूरच्या पलीकडे अहमदाबादसुद्धा एकटी गेली नाहीस, ठाऊक आहे. आईंच्या वेळची चांदीची छोटी लोटी कपाटात डाव्या हाताला आहे. येताना आण.

हसुमती

ब्रसेल्स विमानतळ, १७ एप्रिल

भाभी,

कागद गुडघ्यावर ठेवून लिहितेय, अक्षर बघू नका. उतरले. एकटी. वाटेत चहा तीनदा आला, तीनदा परत पाठवला. पाट्या कुठल्या भाषेत आहेत देव जाणे, पण टॅबचा कॅमेरा पाटीवर धरला की खाली गुजराती उमटतं, तसं धरत धरत सामानापर्यंत पोहोचले. शिपायाने विचारलं, लोटीत काय? मी ती उलटी करून दाखवली. रिकामी आहे, म्हटलं, इथेच भरायचीय.

निमेषला सांगा, मी मोठ्या दाराच्या आत बसलेय, हिरव्या साडीत, हलत नाही.

आत्ता फोटो काढायला टॅब उघडला तर त्याने विचारलं. "तुम्ही नव्या गावी आला आहात असं दिसतं. गाव बदलायचं का?"

आधी वाचलं. मग 'हो' दाबलं.

तरला